पैसे जमा, पण सही जुळत नाही: वेबहुकची रॉ बॉडी नेमकी कुठे बिघडते?

रायवळ | सोमवार, रात्री ११:४२

मंडळी, डोकं बंद पडलंय म्हणून धागा काढतोय. राजापूरजवळ मामाची हापूसची बाग आहे. त्याच्या पेट्या विकायला एक छोटी साइट आहे आणि तिची देखभाल माझ्याकडे. मूळ कोड माझा नाही. आधीच्या डेव्हलपरने साध्या पीएचपीत लिहिलाय, फ्रेमवर्क वगैरे काही नाही, त्याचा स्वतःचा एक छोटा राउटर (आलेली विनंती योग्य कोडकडे नेणारा भाग) आहे. तो आलेल्या प्रत्येक विनंतीचं जेसन (माहिती पाठवायचा मजकुरी साचा) उलगडून ॲरे (पीएचपीतली यादी) हातात देतो.

पेमेंट गेटवे पैसे जमा झाले की आमच्या एका पत्त्यावर वेबहुक (आपोआप येणारी सूचना) पाठवतं. सोबत हेडरमध्ये (मजकुराआधीच्या माहितीत) सही असते. मजकुरावर गुप्त किल्ली लावून शा-२५६ एचमॅक (त्या मजकुराचा गणिती ठसा) काढायचा आणि तो सहीशी ताडून बघायचा, एवढंच काम. जुन्या कोडमध्ये यासाठी एचटीटीपी_रॉ_पोस्ट_डेटा हे व्हेरिएबल वापरलं होतं. होस्टिंगवाल्यांनी मार्चमध्ये पीएचपी ५.६ बंद करून आम्हाला ८.१ वर नेलं आणि ते व्हेरिएबल गायबच झालं. मग मी राउटरने दिलेला ॲरे जेसन_एन्कोडमधून (ॲरेचं जेसन बनवणारं फंक्शन) परत काढला आणि त्यावर एचमॅक लावला. दहा-बारा टेस्ट ऑर्डरी केल्या, सगळ्या पास.

आता हंगाम सुरू झालाय आणि काही ऑर्डरींची सही जुळत नाहीये. काहींचीच! माणसाचे पैसे कापले गेलेत, आमच्याकडे ऑर्डर 'प्रलंबित'. गेल्या तीन दिवसांत अशा १४. मामा हातात वही घेऊन बँकेच्या मेसेजशी ताळा जमवतोय आणि मधूनमधून माझ्याकडे बघतोय.

(कोड डकवला की इथला संपादक अर्धी चिन्हं खातो, म्हणून सगळी नावं देवनागरीत लिहितोय.)

---

घाईगडबड | सोमवार, रात्री ११:५८

हंगाम संपेपर्यंत सही तपासणं बंद करून टाका. पेट्या जाऊ द्यात. जूनमध्ये बघा निवांत.

---

बाइटभर | मंगळवार, सकाळी ७:१५

घाईगडबड, हे कृपया कोणाला सांगू नका. तो पत्ता उघडा असतो. सही तपासली नाही तर 'अमुक ऑर्डरचे पैसे मिळाले' असं चार ओळींचं जेसन कोणीही पाठवेल आणि घरबसल्या पेटी मागवेल.

रायवळ, तुम्ही ॲरे परत एन्कोड करताय तिथेच मला शंका आहे. गेटवेने सही केली ती त्याने पाठवलेल्या बाइटांवर. तुम्ही ताडताय ते तुमच्या पीएचपीने नव्याने लिहिलेल्या बाइटांवर. अर्थ तोच असेल हो, पण एचमॅकला अर्थ कळत नाही.

एक करा. इंडेक्स फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत, राउटरच्याही आधी, पीएचपी://इनपुट (आलेला मूळ मजकूर) वाचून फाइलमध्ये उतरवा. न जुळणारी एखादी ऑर्डर पकडा. मग तीन आकडे इथे द्या: कंटेंट-लेंग्थ हेडर (पाठवणाऱ्याने कळवलेली लांबी), उतरवलेल्या मजकुराची लांबी आणि तुमच्या परत एन्कोड केलेल्या मजकुराची लांबी. लांबी एसटीआर-लेनने मोजा, एमबी-एसटीआर-लेनने नको. आपल्याला बाइट हवेत, अक्षरं नकोत.

---

रायवळ | मंगळवार, दुपारी १:३०

केलं. गेटवेवाले सही फसली की तोच वेबहुक थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवतात, त्यामुळे लगेच सापडला.

कंटेंट-लेंग्थ: ६१२
उतरवलेला मजकूर: ६१२
परत एन्कोड केलेला: ६२९

१७ बाइट कुठून आले?? ऑर्डर साधीच आहे. नाव 'सुलभा' (आडनाव नाही दिलेलं), पत्ता रोमन लिपीत, त्यात सर्व्हे नंबर १२/३ आणि फ्लॅट बी/४. बाकी रक्कम, आयडी, तारीख.

---

बाइटभर | मंगळवार, दुपारी १:५२

वा, तुम्ही उत्तरच लिहून दिलंत की.

सुलभा म्हणजे स, उकार, ल, भ, काना. युनिकोडच्या हिशेबात पाच चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे मूळ मजकुरात १५ बाइट. पीएचपीचं जेसन_एन्कोड मात्र त्याला काही सांगितलं नाही तर देवनागरी जशीच्या तशी लिहीत नाही. 'स'च्या जागी बॅकस्लॅश, मग यू, मग ०९३८ असं लिहितं. उकाराच्या जागी बॅकस्लॅश, यू, ०९४१. दर चिन्हाला सहा बाइट, म्हणजे पाच चिन्हांचे ३०. वाढले १५.

राहिले दोन. तेच जेसन_एन्कोड साध्या स्लॅशच्या आधीही एक बॅकस्लॅश घालतं. १२/३ चा एक, बी/४ चा एक.

१५ + २ = १७.

टेस्ट ऑर्डरींमध्ये तुम्ही नाव काय टाकलं होतंत?

---

रायवळ | मंगळवार, दुपारी २:०४

'टेस्ट', रोमनमध्ये. पत्ता 'पुणे', तोही रोमनमध्ये. 🤦

आत्ता बघितलं. १४ पैकी ११ जणांनी नाव मराठीत लिहिलंय आणि उरलेल्यांच्या पत्त्यात स्लॅश आहे. मराठीत नाव लिहिणाऱ्या गिऱ्हाइकालाच नेमकी शिक्षा.

---

तुळशीबाग | मंगळवार, दुपारी २:४०

नवशिकी आहे, म्हणून बाळबोध प्रश्न. रॉ डेटा म्हणजे पोस्ट ॲरेच ना? मी फॉर्मचं सगळं तिथूनच घेते.

---

काकडआरती | मंगळवार, दुपारी ४:१०

तुळशीबाग, नाही. ब्राउझर किंवा गेटवे काय पाठवतं? आधी हेडर, मग एक रिकामी ओळ, मग बाइटांची एक माळ. ती माळ म्हणजे रॉ बॉडी. पोस्ट ॲरे म्हणजे पीएचपीने ती माळ स्वतः वाचून, सोडवून, आपल्या मनाप्रमाणे मांडून तुमच्यापुढे ठेवलेलं ताट. तेही फक्त दोनच प्रकारच्या मालासाठी, नेहमीचा यूआरएल-एन्कोडेड फॉर्म आणि फाइलींचा मल्टिपार्ट फॉर्म. जेसन आलं तर पोस्ट ॲरे रिकामाच राहतो. 'पोस्टमध्ये काहीच येत नाही हो' या आरोळीमागे दहातल्या नऊ वेळा हेच असतं.

आणि ताट मांडताना पीएचपी हात फिरवतं. फील्डच्या नावात टिंब किंवा जागा असेल तर तिथे अंडरस्कोर करतं. एकच नाव दोनदा आलं तर शेवटचं ठेवतं. एका विनंतीत हजारावर फील्डं आली तर पुढची सोडून देतं (मॅक्स_इनपुट_व्हार्स, मुळात १०००). फॉर्म पद्धतीने सही पाठवणारी गेटवे असतात, तिथे पोस्ट ॲरेवरून मजकूर परत जुळवायला गेलात की यातलं काहीतरी पायात येतं.

आता जुनी गंमत. पूर्वी पीएचपीत मॅजिक कोट्स नावाचा प्रकार होता. बाहेरून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप बॅकस्लॅश. हेतू चांगला, डेटाबेसला दिल्या जाणाऱ्या एसक्यूएलमध्ये कोणी घुसू नये. साधारण २००६ साली मी एका वधूवर सूचक साइटचं काम बघायचो. तिथे लोक उंची फूट-इंचात लिहायचे, ५'६" अशी. दोन्ही चिन्हांआधी बॅकस्लॅश लागून ती साठवली जायची, कारण आमचा कोड स्वतःही एकदा एस्केप करायचा, म्हणजे बॅकस्लॅश लावायचा. स्थळाने माहिती सुधारायला फॉर्म उघडून पुन्हा जतन केला की बॅकस्लॅश आणखी वाढणार. एका मुलीच्या वडिलांनी फोन केला, "अहो, उंचीत एवढ्या काठ्या कसल्या?" त्यांनी माहिती सहा-सात वेळा सुधारली होती. उंची पानभर पसरलेली!

मॅजिक कोट्स ५.३ मध्ये नापसंत ठरवले आणि ५.४ मध्ये काढून टाकले. वर्डप्रेस मात्र सुसंगतीसाठी आजही पोस्ट ॲरेला स्वतः बॅकस्लॅश लावतं, तिथे काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. तेव्हापासून माझा एक हट्ट आहे. आलेलं आहे तसं घ्यायचं, तपासायचं, आहे तसं साठवायचं. पानावर दाखवताना पानासाठीचं एस्केपिंग, एसक्यूएलला देताना प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आदेश आणि माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत). दारातच सगळ्यांना गोमूत्र शिंपडत बसायचं नाही.

---

घाईगडबड | मंगळवार, संध्याकाळी ५:३३

मग सोपंय की. जेसन_एन्कोडला दोन फ्लॅग द्या, जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड आणि जेसन_अनएस्केप्ड_स्लॅशेस. एका ओळीत काम. इतकं पुराण कशाला?

---

रायवळ | मंगळवार, रात्री ८:२०

घाईगडबड यांचा उपाय आधी करून बघितला, कारण खरंच एका ओळीचा होता. १४ पैकी १२ जुळल्या! मामाला फोन करून सांगितलंसुद्धा.

दोन राहिल्यात. आता तर लांबीही अगदी सारखी येतेय, ५८४ आणि ५८४. तरी सही वेगळी.

---

बाइटभर | मंगळवार, रात्री ८:३१

मी म्हणणार नव्हतो, पण म्हणतो. फोन जरा लवकर केलात.

दोन्ही फाइली बाइटागणिक ताडा. सीएमपी कमांड आहे, पहिला फरक कितव्या बाइटला आहे ते सांगते.

---

रायवळ | मंगळवार, रात्री ८:५०

सापडलं, आणि हसावं की रडावं कळत नाही. गेटवेच्या जेसनमध्ये 'नोट्स' नावाची जागा असते. साइटवरून ऑर्डर आली की आम्ही तिथे कलमांच्या पट्ट्याचा कोड टाकतो. या दोन ऑर्डरी मामीने फोनवर घेतल्या आणि पेमेंटची नुसती लिंक पाठवली. त्यामुळे नोट्स रिकामं. गेटवेने रिकामे महिरपी कंस पाठवले, आमच्याकडून रिकामे चौकोनी कंस निघतायत. दोन बाइटांच्या जागी दोन बाइट!

---

बाइटभर | मंगळवार, रात्री ९:०५

बरोबर. जेसन_डीकोडला ॲरे मागितला की रिकामं ऑब्जेक्ट आणि रिकामी यादी या दोन्हींचा पीएचपीत एकच रिकामा ॲरे होतो. परत लिहिताना त्याला कळणार कसं की मुळात काय होतं? तो यादी समजून चौकोनी कंस टाकतो.

हे मिटवाल तर उद्या रक्कम १२५०.०० अशी येईल आणि तुमच्याकडून १२५० निघेल. परवा गेटवेवाले स्वल्पविरामानंतर एक जागा सोडायला लागतील. त्यांनी तसं करण्यात काही गैरही नाही, जेसन तेच राहतं. तुम्ही त्यांच्या एन्कोडरची नक्कल करत किती दिवस मागे धावणार? तुमच्याकडे मूळ ६१२ बाइट आहेत, फाइलमध्ये उतरवलेत. एचमॅक त्यांच्यावर काढा ना सरळ.

---

रायवळ | मंगळवार, रात्री ९:२२

तेच करणार होतो, पण राउटरच्या कोडमध्ये जुन्या डेव्हलपरची कॉमेंट आहे: 'इनपुट दोनदा वाचू नये. दुसऱ्यांदा रिकामं येतं.' सगळी साइट त्या राउटरवर चालते. मी आधी वाचलं आणि त्याला रिकामं मिळालं, तर हंगामात ऑर्डरीच बंद. डंप (फाइलमध्ये उतरवलेला मजकूर) घेतला तेव्हाही जीव मुठीत धरून अर्धा तासच ठेवला होता.

---

काकडआरती | मंगळवार, रात्री १०:१५

कॉमेंट खोटी नाही, जुनी आहे. पीएचपी ५.६ च्या आधी ती स्ट्रीम मागे नेता यायची नाही, एकदाच वाचायची. पोस्ट विनंतीत पुन्हा उघडली तर बहुतेक वेळा मिळायची, पुट (विनंतीचा दुसरा प्रकार) असेल तर हमखास बोंब. म्हणूनच त्या बिचाऱ्याने राउटरला इनपुट दिलं आणि वेबहुकसाठी एचटीटीपी_रॉ_पोस्ट_डेटा वापरला असणार. त्या काळी शहाणपणाचंच होतं. ५.६ मध्ये ते व्हेरिएबल नापसंत झालं आणि ७.० मध्ये गेलं. ५.६ मध्ये तर न वापरताही त्याची सूचना छापली जायची आणि पुढे 'हेडर्स आधीच गेलेत'चा गोंधळ. ऑलवेज_पॉप्युलेट_रॉ_पोस्ट_डेटा उणे एक करा, हे उत्तर मी तेव्हा किती जणांना दिलं असेन!

तुमचं ८.१ आहे. पीएचपी://इनपुट खुशाल दोनदा वाचा. तुमचा डंप राउटरच्या आधी होता आणि त्या अर्ध्या तासात साइट चालूच होती ना? मग पुरावा तुमच्याच हातात आहे.

तरी माझं ऐकाल तर वेबहुकची फाइल राउटरच्या बाहेर काढा. वेगळी दहा ओळींची फाइल. फाइल_गेट_कंटेंट्सने इनपुट घ्या, त्याच स्ट्रिंगवर हॅश_एचमॅक, मग हॅश_इक्वल्सने तुलना. जुळलं तरच जेसन_डीकोड. मध्ये ट्रिम नाही, स्ट्रिपस्लॅशेस नाही, काही नाही.

तुलना दोन बरोबर-चिन्हांनी करू नका. दोन्ही बाजूंना शून्य, ई आणि पुढे नुसते आकडे अशी हेक्स आली तर पीएचपी दोघांना शून्य समजून 'सारखे' म्हणतं. क्वचित घडेल, पण हॅश_इक्वल्स आहे तर का नाही. शिवाय त्याला लागणारा वेळ कुठलं अक्षर चुकलं त्यावर बदलत नाही, त्यामुळे वेळ मोजून सही ओळखता येत नाही.

---

अजगर_पाळलेली | बुधवार, सकाळी ९:४०

पीएचपीवर सगळं ढकलू नका, आमच्या पायथनमध्येही हेच आहे. फ्लास्क, जँगो ही त्यातली फ्रेमवर्क. फ्लास्कमध्ये आधी रिक्वेस्ट.फॉर्मला हात लावला आणि मग गेट_डेटा मागितला तर रिकामं येतं. क्रम उलटा ठेवा, आधी गेट_डेटा. जँगोत रिक्वेस्ट.बॉडी थेट मिळते, बाइटच असतात. पण जँगोच्या रेस्ट फ्रेमवर्कमध्ये आधी रिक्वेस्ट.डेटा वाचून नंतर बॉडी मागितलीत तर रॉ-पोस्ट-डेटा-एक्सेप्शन तोंडावर. ते बरं एका अर्थी, गप्प रिकामं देण्यापेक्षा ओरडलेलं चांगलं.

माझी स्वतःची चूक वेगळीच होती. जेसन.डंप्स. पायथनही देवनागरी एस्केप करतं (एन्शुअर_एएससीआयआय मुळात चालू), वर स्वल्पविराम आणि कोलननंतर जागा सोडतं. त्यामुळे माझी एकही सही कधीच जुळली नाही आणि अर्ध्या तासात चूक सापडली. रायवळ यांचं दुर्दैव की त्यांच्या टेस्ट पास झाल्या.

---

नोडकर | बुधवार, सकाळी १०:०५

एक्स्प्रेसवाल्यांसाठी (नोडचं फ्रेमवर्क): एक्स्प्रेस.जेसन सगळ्या ॲपला लावलेलं असतं आणि ते बॉडी पिऊन टाकतं. वेबहुकच्या रूटला त्याच्या आधी एक्स्प्रेस.रॉ लावा, टाइप ॲप्लिकेशन/जेसन द्यायला विसरू नका, मग बॉडीत बफर (मूळ बाइट) मिळतो. नाहीतर एक्स्प्रेस.जेसनच्या व्हेरिफाय पर्यायात बफर येतो, तो बाजूला ठेवा. मर्यादा मुळात १०० केबी आहे, मोठे वेबहुक असतील तर वाढवा.

---

तुळशीबाग | बुधवार, दुपारी १२:२०

काकडआरती काका, धन्यवाद, ताटाचं समजलं. एक अजून. माझ्या फॉर्ममध्ये फोटो चढवायची सोय आहे. रॉ बघावं म्हणून तिथे पीएचपी://इनपुट वाचलं तर काहीच नाही. आणि काही जणांचे फोटो आले की पोस्ट ॲरे आणि फाइल्स ॲरे दोन्ही रिकामे, एररसुद्धा नाही!

---

काकडआरती | बुधवार, दुपारी १:०५

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मल्टिपार्ट फॉर्म पीएचपी स्वतः सोडवतं, फाइली तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि रॉ माळ तुम्हाला देत नाही. हवीच असेल तर एनेबल_पोस्ट_डेटा_रीडिंग बंद करावं लागतं, मग पोस्ट आणि फाइल्स दोन्हींवर पाणी. तुम्हाला गरज नाही. (८.४ मध्ये रिक्वेस्ट_पार्स_बॉडी आलंय, त्याने पुट किंवा पॅचमधून आलेला मल्टिपार्टही सोडवता येतो.)

दोन्ही ॲरे रिकामे म्हणजे बॉडी पोस्ट_मॅक्स_साइजपेक्षा मोठी आली. मुळात ८ एमबी, आणि हल्लीच्या फोनचे दोन फोटो झाले की संपलं. फाइलमागे मर्यादा वेगळी, अपलोड_मॅक्स_फाइलसाइज, ती मुळात २ एमबी. एरर असते, पण सर्व्हरच्या लॉगमध्ये. कोडमध्ये ओळखायचं तर कंटेंट-लेंग्थ शून्याहून जास्त आणि तरी दोन्ही ॲरे रिकामे, असं बघा. पुढे एनजिनक्स (वेब सर्व्हर) असेल तर त्याची मर्यादा १ एमबी असते, तो ४१३ ('फार मोठं आहे') देऊन दारातूनच परत पाठवतो, पीएचपीपर्यंत काही पोचतच नाही.

---

बाइटभर | बुधवार, दुपारी १:४०

रायवळ, सहज विचारतो. तो डंप कुठल्या फोल्डरमध्ये उतरवलात?

---

रायवळ | बुधवार, दुपारी १:४४

इंडेक्स फाइलच्या शेजारीच. का?

---

रायवळ | बुधवार, दुपारी १:४५

अरे देवा. काढला. ब्राउझरमध्ये फाइलचं नाव टाकलं की उघडत होता. नावं, फोन नंबर, पत्ते, सगळं.

---

बाइटभर | बुधवार, दुपारी १:५८

तेच वाटलं होतं. ॲक्सेस लॉग बघा, तुमच्याशिवाय कोणी ती फाइल उघडलीय का. पुढच्या वेळी डंप वेबच्या मुळाबाहेरच्या फोल्डरमध्ये, आणि काम झालं की पुसायचा. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण त्याच्याही आधी ही लोकांची घरं आहेत.

आणि हो, गिऱ्हाइकाचं नाव तुम्ही इथेही लिहिलंत.

---

रायवळ | बुधवार, दुपारी २:१०

नाव बदललंय हो, सर्व्हे नंबरही. फक्त चिन्हं पाच आणि स्लॅश दोन तेवढेच ठेवले, नाहीतर तुमचं गणित जमलं नसतं. 🙂 ॲक्सेस लॉगमध्ये त्या फाइलला फक्त माझाच आयपी दिसतोय.

---

रायवळ | गुरुवार, रात्री १०:३०

शेवटचा वृत्तांत. वेबहुक वेगळ्या फाइलमध्ये नेला, काकांनी सांगितलं तसा, मोजून अकरा ओळी. राहिलेल्या दोन्ही ऑर्डरी गेटवेच्या पुढच्याच फेरीत आपोआप जुळल्या. काल सकाळपासून ३८ वेबहुक आले, सगळे पास. त्यात एक नाव पूर्ण जोडाक्षरांचं होतं, ते मुद्दाम बघितलं.

एक भानगड मात्र झाली. मामाने वहीवरून चार ऑर्डरी आधीच हाताने 'पैसे मिळाले' करून पेट्या रवाना केल्या होत्या. नंतर त्यांचे वेबहुक जुळले आणि सिस्टिमने त्याच चार ऑर्डरी पुन्हा पॅकिंगच्या यादीत टाकल्या. दोन पेट्या पुन्हा गेल्याच. आता पेमेंट आयडीवर युनिक इंडेक्स टाकलाय (एक आयडी एकदाच) आणि 'आधीच पूर्ण' असलेली ऑर्डर आली तर काही न करता नुसता २०० ('ठीक, मिळालं') परत देतो.

दोनपैकी एका बाईंनी स्वतः फोन करून जास्तीची पेटी आल्याचं कळवलं. दुसऱ्यांचा अजून फोन नाही.

---

घाईगडबड | गुरुवार, रात्री १०:४१

पत्ता माझा होता का बघा जरा. ह. घ्या.